कारभारीमामांचं मडकं

आपण चुकू शकतो, ही शंका तातेरावांना आजवर कधी शिवली नव्हती. तीर्थपुरीत मोसंबीची लाकडी खोकी बनवण्याचा त्यांचा धंदा होता, आणि जगातली कुठलीही वस्तू आपण पॅक करू शकतो असा त्यांचा दावा होता. "हत्ती आणा, खोकं तयार!" असं ते हॉटेलात बसून सांगत. हत्ती काही कुणी आणत नव्हतं, म्हणून दावा शाबूत होता. प्लास्टिकच्या क्रेटांनी धंदा पार बसवला होता, तरी आवाज तोच.

हत्ती नाही, पण एक दिवस काकासाहेब आले. त्यांनी अंबड रस्त्याला रीतसर परवाना काढून मोसंबीची ब्रँडी गाळायला सुरुवात केली होती. एका खेपेला जेमतेम हंडाभर निघायची, पण एक नंबर. औरंगाबादच्या ज्या बड्या हॉटेलात अजिंठा बघायला आलेले गोरे लोक उतरतात, तिथे ती पसंत पडली होती. फक्त मॅनेजरला प्लास्टिक चालत नव्हतं, काच नको होती आणि थर्माकोलचं तर तो नावही काढू देत नव्हता.

"त्याचं म्हणणं, जे काय द्याल ते परत मातीत गेलं पाहिजे," काकासाहेब म्हणाले.

"मंग मातीतच देऊ की! त्यात काय येवढं?"

झालं. कुंभार पिंपळगाव या गावच्या गोजरबाईंकडून तातेरावांनी लहानसं, लालभडक, गुळगुळीत मडकं घडवून घेतलं. आतून मेणाचा हात दिला, झाकणी मेणानेच बसवली, वरून पांढरंशुभ्र सुती कापड ताणलं आणि गळ्याशी सुतळी आवळून झोकदार गाठ मारली. ही ऑर्डर मिळाली तर मडकी आणि त्यांची खोकी, दोन्ही मिळून काम वर्षभर पुरणार होतं. नाही मिळाली तर दुकानाला कुलूप ठरलेलं.

बायकोने, बेबीनंदाने, मडकं चहूबाजूंनी पाहिलं. "दिसायला लई सोज्वळ हाय. पण आत दारू असंल असं वाटून न्हाई राह्यलं."

"तेच तर! भारी माल दारूसारखा दिसत नसतो." तातेराव खूश झाले आणि ब्रँडीने भरलेलं मडकं मॅनेजरला दाखवायला घेऊन औरंगाबादच्या गाडीत चढले.

गाडी खच्चून भरली होती. पण तातेराव चढले आणि नवलच झालं. एक धिप्पाड पैलवान चटकन उठला आणि त्याने खिडकीची जागा दिली. कंडक्टरने तिकीट दिलं ते हळू आवाजात. पुढच्या बाकावरच्या बाईने रेडिओ लावणाऱ्या पोराला डोळ्यांनीच दटावलं. एस.टी.त अजून माणुसकी शिल्लक आहे, असं तातेरावांना वाटलं आणि त्यांना भरून आलं.

थोड्या वेळाने मांड्या अवघडल्या, म्हणून ते मडकं पायाशी ठेवायला वाकले.

"आवो, खाली नका ठेवू!" अख्खी गाडी ओरडली.

पुढच्या बाकावरची ती बाई मागे वळली. या चांगुणाबाई. कुणाच्या घरी जन्म, कुणाच्या घरी मरण, सगळ्याला आधी त्यांची हजेरी. डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "आस्थी जमिनीला टेकवत असत्यात का, दादा? कोण गेलं?"

तातेरावांनी मडक्याकडे पाहिलं. माती, पांढरं कापड, गळ्याला सुतळी. इतके दिवस हे मडकं त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, पण ते दिसलं आत्ता.  दारू आहे म्हणून सांगावं, तर कंडक्टर पुढच्याच फाट्यावर उतरवणार. तिकडे हॉटेलात आधीच पोचलेले काकासाहेब आणि मॅनेजर वाट बघत बसणार. ऑर्डर गेली, दुकान गेलं.

"मामा," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुठले?"

"कुंभार पिंपळगावचे." ज्याला खोटं बोलायची सवय नसते, तो खोट्याला खरा पत्ता देऊन बसतो. तातेरावांचे सख्खे मामा तिथलेच होते.

"म्हंजी खोकीवाल्याचा मामा, कारभारी?" चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरं देवा! परवाच्या बाजारात वांग्यावरून माझ्याशी केवढा भांडल्ता! चांगला टणटणीत व्हता की!"

"अचानकच झालं," तातेराव म्हणाले. आणि घाबरून त्यांनी मडकं छातीशी कवटाळलं. त्यावर पाच-सहा बायांचे डोळे पाणावले. पैलवानाने त्यांच्या पाठीवरून असा हात फिरवला की मडकं हातातून निसटता निसटता राहिलं.

"मंग पैठणला चालले आसाल?" कंडक्टरने विचारलं.

"न्हाई, औरंगाबादला."

"औरंगाबादात कुठं गंगा हाय?" चांगुणाबाई कडाडल्या. गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात. "दुखानं माणसाला काही सुधरत न्हाई बघा. कंडक्टर, शहागडला गाडी थांबवा. तिथं काय वेगळी गंगा हाय? जल्दी उरकून घेऊ."

"आवो, नको! मला उशीर होऊन राह्यलाय!"

"मामापरीस काम मोठं हाय का?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. तातेरावांनी मडकं मांडीवर घेऊन माघार घेतली. जन्मात पहिल्यांदा.

शहागडला गाडी थांबली. चांगुणाबाईंनी आधी एस.टी.डी. बूथवरून पिंपळगावला फोन लावून कारभारी गेल्याची बातमी दिली, मग सगळ्यांना हाकत पाण्यापाशी आणलं. पैलवानाने तातेरावांच्या हातातून मडकं अदबीने घेतलं आणि कुणी काही म्हणायच्या आत सुतळी तोडून झाकणी उघडली. मोसंबीचा आणि त्याहून जबर असा दरवळ सुटला. पैलवानाने नाक आत घातलं, बाहेर काढलं आणि पुन्हा आत घातलं.

"ही दारू हाय!" तो म्हणाला.

सगळे पुढे सरकले. आता मार बसणार, हे तातेरावांनी ओळखलं आणि डोळे मिटून घेतले.

"शेवटची इच्छा आसंल," चांगुणाबाई हुंदका देत म्हणाल्या. "लपून लपून घ्यायचा मेला. आन आस्थी?"

"त्या पहिल्याच टाकल्या," तातेरावांनी मान खाली घालून सांगितलं. त्यांचा आत्मविश्वास हळूहळू परत येत होता.

"मंग ही गंगंत घालून काहून वाया घालायची?" पैलवान म्हणाला. "मामाच्या नावानं घोट घोट घेऊ. त्येंच्या आत्म्याला बरं वाटंल."

पुरुषमंडळींनी ओंजळी पुढे केल्या. पहिल्या घोटाला मामा चांगले होते असं ठरलं, दुसऱ्याला देवमाणूस ठरले. ड्रायव्हरला तेवढं कुणी जवळ फिरकू दिलं नाही, म्हणून तो मात्र शेवटपर्यंत मनापासून दुःखी राहिला.

औरंगाबादच्या हॉटेलात तातेराव पोचले ते रिकामं मडकं छातीशी धरून. काकासाहेबांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माल कुठंय?"

"लोकांनी संपवला. नदीवर, ओंजळीनं." तातेरावांनी ताठ मानेने सांगितलं. "गाडीचे दणके खाल्ले, पैलवानानं हाताळलं, तरी मडक्याला टवका न्हाई. बघा बराबर!"

मॅनेजर दिल्लीकडचा होता. त्याने मडकं फिरवून पाहिलं, टिचकी मारली, खूश झाला. मग काकासाहेबांना हिंदीत म्हणाला, की छान आहे, पण पाहुणे पितील आणि हे कचऱ्यात फेकतील, मग बाटलीने काय घोडं मारलं होतं? रिकामं झाल्यावर लोक जपून ठेवतील, असा याचा एक तरी उपयोग उद्या सकाळपर्यंत सांगा. नसेल तर राम राम.

घरी परतेपर्यंत तातेरावांनी पुष्कळ डोकं खाजवलं. पेनं ठेवायला तोंड अरुंद, फुलं ठेवायला मडकं बुटकं. दारात पोचले, तर ओट्यावर साक्षात कारभारीमामा बसलेले. शेजारी बेबीनंदा तोंडाला पदर लावून हसत होती.

"ये," मामा म्हणाले. "मी मेलो म्हणं. दुपारपासून घरी रांग लागली व्हती रडायला. सोयरे आले, वैरी आले. वांग्यावाली चांगुणा फोनवर मला देवमाणूस म्हणून राह्यली, असं कळलं. पन्नास वर्सांत कुणी म्हणलं न्हाई!"

"मामा, चुकलं माझं," तातेराव म्हणाले. बेबीनंदा चमकून बघायलाच लागली.

"ते ऱ्हाऊ दे. ते मडकं दाखव आधी."

तातेरावांनी भीत भीत मडकं पुढे केलं. मामांनी ते उलटंपालटं केलं, आत वास घेतला आणि जिभेने टाळू वाजवली. "लई झ्याक. यातलं एक भरलेलं मला दे. पिऊन झालं की धुऊन फळीवर ठेवतो. पुढं माझ्या आस्थीला लागंल तवा घरच्यांची पळापळ नको."

तातेराव जागच्या जागी उडाले. बूथ बंद व्हायच्या आत धावत जाऊन त्यांनी औरंगाबादच्या हॉटेलात थांबलेल्या काकासाहेबांना फोन लावला आणि मामांनी काढलेला उपयोग सांगितला. मॅनेजर शेजारीच होता.

"विचारून राह्यलेत, गिऱ्हाईक हे मडकं किती दिवस जपून ठेवंल?" काकासाहेबांनी विचारलं.

"त्यांना सांगा, आमचे मामा म्हणले, मी हाय तवर कुणाला हात लावू देणार न्हाई."

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग काकासाहेबांचा आवाज आला, "पास! उद्यापास्नं मडकी घडवायला सांग."