खुर्चीवाले आले

"खुर्चीवाले आले की काय काय करायचं, नीट ऐकून घे," चिटणीस बुटाची नाडी बांधत बायकोला म्हणाले, आणि सगळा घोळ त्या एका शब्दाने झाला.

चिटणीसांचं चष्म्याचं दुकान. दुकान चालतं, पण जीव सगळा सेवा मंडळात. मंडळ एवढंसं. आजवर त्यांनी झाडं लावली, ती वाळली. डोळे तपासणीचं शिबिर घेतलं, त्यानंतर चष्म्यांचा खप कुठे वाढला हे सांगायला नको. आज मात्र खरंखुरं काम होतं. एका निवृत्त पोस्टमनला चाकाची खुर्ची द्यायची होती. बिचाऱ्याचे गुडघे गेले होते आणि गुडघ्यांबरोबर त्याचा तलावाकाठचा कट्टाही गेला होता. मित्र घरी यायचे, पण घरात कट्टा होत नाही हो. जरा कुठे हशा पिकला की आतून सून "हळू!" म्हणते. खुर्ची मिळाली की पहिल्याच संध्याकाळी कट्टा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मंडळाची चहापाणी बघणारी बाई आजारी पडली म्हणून आज पहिल्यांदाच चिटणीसांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींना, दारात उभं केलं होतं.

"खुर्चीवाले आले की हाताला धरून आण. त्यांना चालवत नाही. नव्या खुर्चीत बसव, पायांवर शाल टाक. खुर्चीवाले आले की मागच्या दाराने घे, पुढे गर्दी नको. आणि खुर्चीवाले आले की गुलदस्ता दे, स्टेजवर बसव, दोन शब्द बोलायला सांग."

"अहो, एकाच माणसाचं एवढं सगळं?"

"एक कुठे? तीन आहेत! मी फोटोग्राफरला घेऊन येतो," म्हणत चिटणीस गेलेसुद्धा.

तीन कोण, ते राहिलंच. पण वहिनी काही कमी हुशार नव्हत्या. तीन माणसं, तीन सूचना: एक खुर्ची घेणारा, एक खुर्च्या मांडणारा, एक पाहुणा. सांगितल्या क्रमानेच येणार असतील, असं त्यांनी धरलं.

पहिले आले ते खुर्ची दान करणारे फर्निचरच्या दुकानाचे शेठ. देह भारी, चार पायऱ्या चढून धाप लागलेली. "मी... खुर्ची..." एवढंच तोंडातून निघालं.

"हळू, हळू! धरा माझा हात," म्हणत वहिनींनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि पायांवर शाल टाकली. असं आगतस्वागत शेठजींचं सासुरवाडीलाही झालं नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात कौतुकाने थोपटला. "आपलीच खुर्ची!"

"हो हो, तुमचीच आता," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

दुसरा आला पोस्टमन. हातात काठी, सोबतीला कट्ट्यावरचा मित्र. त्या मित्राला सगळे भोंगा म्हणायचे, कारण त्याला हळू बोलता येत नसे.

"खुर्चीसाठी आलोय!" भोंगा गरजला.

"मागच्या दाराने, मागच्या दाराने! आणि केवढा उशीर! लोक उभे आहेत. किती आणल्यात?"

"आणल्यात? आम्ही न्यायला आलोय!"

"न्यायच्या नंतर हो. कार्यक्रम झाल्यावर. आधी मांडाल की नाही?"

भोंग्याने पोस्टमनकडे पाहिलं, पोस्टमनने काठीकडे. या वयात, असल्या पायांनी खुर्च्या वाहायच्या म्हणजे काय, असं वाटून वहिनींना त्याची फार दया आली. त्यांनी त्याला मागच्या दाराशी एका उपड्या खोक्यावर बसवलं आणि दोन बिस्किटं जास्त दिली.

तिसरा आला भाड्याच्या खुर्च्यांचा कंत्राटदार. घामाघूम. "बाई, खुर्च्या कुठे उतरवू?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तोच हातात गुलदस्ता आला. पाठोपाठ टाळ्या झाल्या आणि अध्यक्षांनी स्वतः हाताला धरून त्याला स्टेजवर नेलं. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर. शेठजींशी ते फक्त फोनवर बोलले होते, त्यामुळे तेही बिनघोर. इकडे खुर्च्या टेम्पोतच आणि लोक उभेच.

तेवढ्यात चिटणीसांचा फोन. "खुर्चीवाले आले?"

"तिघंही आले. तुम्ही सांगितलंत तस्संच केलंय."

"शाब्बास!"

कंत्राटदारापुढे माईक आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला बोल म्हणत होतं. मग त्याने मनातलं सगळं बाहेर काढलं.

"एकच सांगतो. वेळ झाली की खुर्ची सोडायची! लोक सोडतच नाहीत. गप्पा मारत बसतात, चहा पितात, आणि खुर्चीला चिकटलेले ते चिकटलेलेच. शेवटी आम्हाला खालून ओढून घ्यावी लागते. बरं दिसतं का?"

लोकांनी एकदम अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांची मुदत गेल्याच वर्षी संपली होती. ते लालेलाल झाले आणि उठले.

"कळलं! बोलणं कुणाला आहे ते कळलं मला. बाहेरच्या पाहुण्याच्या तोंडून सांगायची काय गरज होती? हा घ्या राजीनामा!"

"अहो, मी फक्त भाड्याचं—" कंत्राटदार म्हणाला.

"भाड्याचा! स्वतःच कबूल करतोय!" अध्यक्षांचा आवाज चिरकला.

मागच्या दाराच्या फटीतून पोस्टमन हे सगळं बघत होता. त्याला स्टेजवरचं भांडण दिसतच नव्हतं. त्याला दिसत होती ती नवी खुर्ची, आणि तिच्यात शाल पांघरून बसलेला दुसराच माणूस.

"चल भोंग्या, घरी जाऊ," तो हळूच म्हणाला. "दिली त्यांनी. त्या माणसाला जास्त गरज असेल." त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते भोंग्याला बघवेना.

"खुर्ची कुणाची आहे ती?" भोंगा असा ओरडला की माईकसुद्धा किंचाळला.

दचकून शेठजी ताडकन उभे राहिले.

"उभे राहिले! अहो, उभे राहिले!" कुणीतरी ओरडलं. वहिनींनी हात जोडले. टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो मंडळाच्या इतिहासात झाला नव्हता. शेठजींना वाटलं, दानाची कदर करणारी माणसं अजून आहेत. त्यांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला. ते वाकले तशा टाळ्या आणखी वाढल्या.

नेमके तेव्हाच चिटणीस फोटोग्राफरला घेऊन दारात पोचले.

"हे काय! शेठजींना शाल? टेम्पोवाल्याला गुलदस्ता? आणि पोस्टमन कुठाय?"

"कोण पोस्टमन? तुम्ही तिघांनाही खुर्चीवालेच म्हणालात!"

चिटणीस घाईघाईने अध्यक्षांची समजूत काढायला गेले. अध्यक्ष म्हणाले, राजीनामा परत घेणार नाही. मंडळातले दोघं म्हणाले, नका घेऊ. मग नवा अध्यक्ष कोण, यावर अशी जुंपली की मागे काय चाललंय इकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. भांडण शमल्यावर, म्हणजे अध्यक्षांनी राजीनामा परत घेतल्यावर, चिटणीस वळले. पोस्टमन नाही, भोंगा नाही, कंत्राटदार नाही. खुर्चीही नाही.

"टेम्पोतून गेले," वहिनी म्हणाल्या. "तलावाच्या वाटेनेच जातोय म्हणाला टेम्पोवाला. मीच दार धरलं. आता कुठे मला कळलं खुर्ची कुणाची ते!"

"अगं, पण फोटो राहिला!"

अख्खं मंडळ घामाघूम होत तलावाकाठी पोचलं. कट्टा मित्रांनी गच्च भरला होता. मधोमध चाकाच्या खुर्चीत पोस्टमन, हातात पत्ते, मांडीवर कंत्राटदाराने दिलेला गुलदस्ता. हशा असा चालला होता की तलावापलीकडे ऐकू जावा, आणि "हळू" म्हणायला कुणी नव्हतं.

"एक फोटो!" चिटणीस धापा टाकत म्हणाले.

"डाव होऊ द्या, मग काढा की," पोस्टमन म्हणाला. "तोवर बसा."

बसायला तसूभर जागा नव्हती. मंडळ उभं राहिलं. डाव संपेना. अध्यक्ष एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकू लागले, आणि ते पोस्टमनच्या नजरेतून सुटलं नाही.

"डॉक्टर, उभं राहायला त्रास होतोय का तुम्हाला?" त्याने अगदी कळवळून विचारलं. "आपल्या इथे एक मंडळ आहे, त्यांना सांगून बघा. आधी थोडा वेळ मागच्या दाराशी बसवतात. पण खुर्ची देतात हो."

आणि त्याने पान टाकलं.