भरल्या गाडीचं माप

चिखलटोल्यात गाडीच्या अंगातलं कळणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे आपण, याबद्दल पुरनलाल रहांगडालेच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चार वर्षांपूर्वी त्याने रेड्यांची जोडी विकून जुनी पिकअप घेतली. रेडे गेले, पण रेडे पारखणारी नजर घरातच राहिली. "जनावर असो का गाडी, पाठ पाहाची अन् पाय पाहाचे!" असं तो पानठेल्यावर सांगे. ऐकणारे सुपारी चघळत माना हलवत, कारण चघळताना वाद घालता येत नाही.

दोन हजार नऊच्या पावसाळ्यात मात्र या पारखीचं नाक कापलं गेलं. शेतातून गावात येणाऱ्या पांदीत ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधे मातीचा उंच वरंबा उरला होता. पंधरा पोती भरलेली पुरनलालची पिकअप त्या वरंब्यावर पोट टेकून बसली ती बसलीच! चाकं गरगर फिरतात, गाडी जागची हलत नाही. शेवटी शेजारच्या मनिरामने आपले रेडे आणले, साखळी लावली आणि गाडी ओढून काढली. वर एवढंच म्हणाला, "पुरनभाऊ, गाडी चांगली हाये गा. पाय तेवढे आखूड पडले!"

बस! हे वाक्य पुरनलालच्या काळजात रुतलं. त्याने त्याच चिखलात उभं राहून गाडी किती उचलावी लागेल याचं माप घेतलं. टेप कोण शोधतो? तुरीची वाळकी काडी घेतली, वरंब्याशी धरली, पाहिजे तेवढी मोडली आणि घरच्या छपरात खोचून ठेवली. दिवाळी झाली, धान कापून झालं, तशी ती काडी खिशात घालून तो गोंदियाला निघाला.

सोबत तिरोड्याचा मिस्त्री उदाराम होता. दुकानदाराने विचारलं, "कितना उठाना है, भैया?"

पुरनलालने काडी काउंटरवर ठेवली. "इतना!"

दुकानदाराने काडी उलटीसुलटी करून पाहिली. "ये क्या है?"

"माप!"

उदाराम शांत माणूस. त्याने समजावून सांगितलं, "हे पाहा भाऊ, गाडी उचलाचे तीन रस्ते. एक्सलवर ठोकळा टाका, नाई त पाटा टांगते ते शॅकल लांब करा, नाई त जास्त बाकाचे पाटे टाका. यातलं कोनतंबी एक करा. तिन्ही नोका करू."

"काऊन नोको?"

"हे माप भरल्या गाडीचं हाये का रिकाम्या गाडीचं?"

"भरल्या."

"मंग रिकामी झाल्यावर गाडी अजून वर जाईल ना!"

"मी काय रिकामी गाडी चालवतो का गा? माप ते माप!"

आणि पुरनलाल पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, निवडायला बसला. निवडायला म्हणजे कसा? बाजारात रेडे निवडतो तसा! त्याने एकेका पाट्यावर थाप मारली, डोळा मिटून बाक पाहिला, जोडीला जोड लावून खांदे जुळतात का बघितलं. एका पाट्यावर तर उभा राहून दोन उड्याही मारल्या. दुकानदाराने उदारामला हळूच विचारलं, "दाँत भी देखेगा क्या?" शेवटी सगळ्यांत जास्त बाकाची, अंगात लवचीक, चुणचुणीत जोडी त्याच्या मनात भरली. ती घेतली. ठोकळे घेतले. लांब शॅकलही घेतले. उदारामने कपाळाला हात लावला आणि दोन दिवस खपून सगळं बसवून दिलं.

गाडी चिखलटोल्यात आली तेव्हा गाव गोळा झालं. अशी उंच, काटकुळी, मान वर करून उभी की पोट्ट्यांनी बघताक्षणी तिचं नाव 'सारस' ठेवलं. बायको सुखवंता पाय टाकायला गेली, पाय पोचेना. "शिडी आना जी," ती म्हणाली. मनिराम खालून वर बघत म्हणाला, "का गा पुरनभाऊ, वरती थंडी जास्त हाये का?"

रिकामी गाडी खड्ड्यात गेली की तापल्या खापरातल्या लाह्यांसारखी उडे. पण पंधरा पोती धान टाकलं की तीच गाडी अशी अलगद खाली बसे, अशी झुल्यासारखी डुलत चाले, की काही विचारू नका! आणि तो वरंबा? पोटाला न शिवता खालून निघून गेला! पुरनलाल मुद्दाम सहा वेळा त्यावरून गेला.

अशात मुलीचं, ओमेश्वरीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. मुलगा आमगावकडचा, खुमेंद्र, कृषी सहायक. पोरगा पोरीला आवडलेला, पोरगी पोराला आवडलेली. अडचण एकच होती: शामकला आत्या. मुलाच्या वडिलांची, गुलाबचंदची, ही थोरली बहीण. तिने कुंकू लावायला मान हलवली तरच त्या घरात कुंकू लागे. खुमेंद्राची दोन साक्षगंधं तिने भरल्या मांडवातून मोडली होती. एका ठिकाणी पोहे थंड होते म्हणून, आणि दुसऱ्या ठिकाणी पोरीचा काका फार हसतो म्हणून!

ओमेश्वरीने बापापुढे हात जोडले. "बाबूजी, तेवढा एक दिवस आपली गाडी नोका काढू. तिरोड्याहून जीप सांगा. हे मोडलं ना, त मी दुसऱ्या कोनाले हो म्हननार नाई."

"अवं, मी जिवंत असताना पाहुने परक्याच्या गाडीत? पंधरा पोते टाकतो ना मागं! पानी भरलं गिलास ठेव, थेंब नाई सांडनार."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून पुरनलाललाही आतून हललं, पण माघार घेईल तो पुरनलाल कसला? उलट त्याने बेत आणखी वाढवला. आत्याचा पाय मातीला लागू द्यायचा नाही! गाडी थेट मांडवात, दाराशी न्यायची. मांडव घालायला मनिराम आला होता. त्याला पुरनलालने नवी काडी दिली: पंधरा पोती भरलेल्या गाडीच्या उंचीची. "याच्यावर चार बोटं सोड, अन् बांध आडा."

"भरल्या गाडीचं माप हाये का हे?" मनिरामने विचारलं.

"माप ते माप!"

साक्षगंधाच्या दिवशी सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. तिरोड्याच्या स्टेशनवर पाहुणे उतरले. आत्या पुढे बसली, बाकीचे मागे धानाच्या पोत्यांवर. आत्या अंगाने भरदार, तोंडाने मोजकी. वरंब्यावरून गाडी डुलत गेली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, "गाडी बरी हाये." पुरनलालचा ऊर दोन काड्यांनी वर आला. गाडी मांडवात शिरली. मागच्या लोखंडी सांगाड्यावर बरोबर चार बोटं जागा उरली. वाजंत्री वाजली, पाहुणे उतरले. आत्या मात्र उतरली नाही. घरच्या बाईने येऊन पाय धुतल्याशिवाय ती कधीच उतरत नसे.

सुखवंता परात आणायला आत गेली आणि जाता जाता तिची नजर गाडीवर पडली. "साक्षगंधात धानाचे पोते कायले? उतरवा जी, बरं नाई दिसत!" मनिरामचा गजेंद्र आणि चार पोट्टे पुढे झाले. पंधरा पोती भराभर उतरवली, धान आतल्या कणगीत ओतलं आणि रिकाम्या पोत्यांची पाहुण्यांना बिछायत केली. इतकं चटपट काम त्या पोट्ट्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं!

पुरनलाल इवायांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, पान देत होता. मागे करकर आवाज आला. त्याने वळून पाहिलं. गाडी अंग ताणून उठत होती! तिचा सांगाडा मांडवाच्या मधल्या वाशाला, आड्याला, टेकला आणि तो आडा खांबाच्या, मेढीच्या, बेचक्यातून वर सरकला. त्याच्यासोबत जांभळीच्या फांद्या, आंब्याची तोरणं, झालर, सगळा मांडव पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत आभाळाकडे निघाला! मधल्या मेढीचं बेचकं फाटकन फाटलं. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, ही इथली पद्धत असेल. त्यांनी वाजवायचा जोर वाढवला.

ओमेश्वरी दारात आली. "बाबूजी!" एवढंच म्हणाली. पुरनलालला वाटलं, धरणी दुभंगावी आणि गाडीसकट आपल्याला पोटात घ्यावं.

"मागं घे गाडी!" कोणी ओरडलं.

"हालवू नोका!" मनिराम धावत आला. "मधली मेढ गेली. आता ही गाडीच मेढ हाये! गाडी हालली का मांडव डोक्यावर आला. ओझं घाला मागं, म्हनजे आडा जागच्या जागी बसते. धान कोठं हाये?"

"कनगीत!"

"अन् पोते?"

"पाहुन्यायच्या बुडाखाली!"

मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली होती. पोती भरायची कधी आणि चढवायची कधी? मनिरामने धोतर खोचलं आणि टुणकन गाडीत चढला. "मानसं चढवा! जो भारी तो आधी!" गजेंद्र चढला, पोट्टे चढले, पुरनलाल चढला, खुमेंद्र चढला. पाठोपाठ इवाई गुलाबचंदही पटका सावरत चढले, कारण मांडव त्यांच्याच डोक्यावर येणार होता. आडा बोट बोट खाली येऊ लागला. चौदावा चढला, पंधरावा चढला. सतराव्याला बाजूच्या मेढींत आडा बसला, मधे सांगाड्यावर टेकला आणि मांडव पूर्वीसारखा सरळ झाला.

"आता उतरू का?" गुलाबचंदांनी विचारलं.

"उतरले का मांडव पुन्हा वर, इवाई!"

इतक्यात सुखवंता परात आणि तांब्या घेऊन आली. पुढून गाडी अजून उंचच होती. आत्याचे पाय दारातून लोंबकळत होते, ते थेट सुखवंताच्या छातीशी आले. सुखवंताने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचे पाय उभ्या उभ्या धुतले! कोणाची छाती नव्हती आत्याच्या तोंडाकडे बघायची. वाजंत्रीसुद्धा थांबली.

आत्याने काचेतून मागे बघितलं. तिचा भाऊ एका पोट्ट्याच्या मांडीवर बसला होता. मग तिने ओमेश्वरीकडे बघितलं. पोरगी रडत नव्हती. तिने शालूचा पदर कमरेला खोचला होता आणि चाकावर पाय देऊन मागे चढायला लागली होती. ओझ्यात आपलंही वजन घालायचं होतं ना! वरून खुमेंद्राने हात दिला.

"पोट्टी चढली का?" आत्याने विचारलं.

"चढली, आत्याबाई," मनिराम भीत भीत म्हणाला.

"पोट्टा वरच हाये. मंग उतरता कायले? तेथंच लावा कुंकू! महाराज, तुमीबी चढा. तुमचंबी वजन हाये."

आणि चिखलटोल्यातलं ते साक्षगंध गाडीतच लागलं. महाराजांनी एका हाताने सांगाडा धरून मंत्र म्हटले. टाळ्या वाजवताना कोणी उडी मारू नये अशी मनिरामने सक्त ताकीद दिली.

पुढचा प्रश्न जेवणाचा. पण पंगती उठवायची गावाला सवय! खाली एक पंगत जेवायला बसली की वर दुसरी पंगत ओझ्याला बसे. एक माणूस उतरला की तेवढ्याच अंगाचा दुसरा चढवायचा. आत्याचं ताट तर पुढच्या सीटवरच पोचलं. भरलेली माणसं जास्त भारी असतात हे पहिल्या पंगतीनंतर लक्षात आलं आणि दोन माणसं कमी लागली. मागे चढलेल्यांतले अजिबात न उतरलेले दोघेच होते: पुरनलाल, कारण त्याला खाली तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि मनिराम.

"तू जेवून घे गा," पुरनलाल म्हणाला.

"पोट्टी मायीबी हाये ना," मनिराम म्हणाला आणि खरकटं उचलणाऱ्यांकडे बघत बसून राहिला. पुरनलालला पांदीतला तो टोमणा आठवला आणि या माणसावर आपण चार महिने डोळे वटारले याची त्याला मनापासून लाज वाटली.

दुपार कलली तशी पोती पुन्हा भरून झाली, गाडीत चढली, मांडव टेकूवर घेतला आणि पुरनलालने श्वास रोखून गाडी बाहेर काढली. आत्या अखेर खाली उतरली, तीही ऐटीत. सगळे जीव मुठीत धरून उभे राहिले.

"दोन जागी मी उठून आली," आत्या म्हणाली. "तेथं सबन नीट होतं, पन मांडव पडला असता त धराले कोनी आलं नसतं. येथं त शेजारी उपाशी बसून रायला. पोट्टी आमची झाली."

ओमेश्वरी बापाच्या गळ्यात पडली. पुरनलाल ढसाढसा रडला आणि रडता रडता म्हणाला, "उद्याच उदारामकडे जातो, सबन काढून टाकतो!"

"खबरदार!" आत्या कडाडली. "माह्या कमरेले इतकी नरम गाडी जन्मात नाई भेटली. वैशाखात लग्न हाये. तिथपर्यंत हिचा एक पाटा हालला नाई पायजे. लग्नाले मी याच गाडीत येईन. अन् पोते भरून आनजा!"

आता आत्याचा शब्द मोडायची कोणाची टाप? आणि रिकामी गाडी चालवावी तर कमरेचे टाके ढिले होतात. तेव्हा पुरनलालने मधला मार्ग काढला. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन आला. मीठ आणायला तिरोड्याला जायचं असलं तरी तो पंधरा पोती धान गाडीत भरूनच निघे आणि पंधराच्या पंधरा परत आणी.

शेवटी बाजारात उदारामने एक दिवस गाडी अडवली. "का गा पुरनभाऊ, रोज हेच धान दिसते. विकाले आनता का काय?"

पुरनलालने इकडेतिकडे बघितलं, काच अर्धी वर केली आणि हळूच म्हणाला, "नाई गा. फिरवाले आनतो."