हिवाळी मासेमारी, मसुदा चौदावा

या हिवाळ्यातल्या मासेमारीचा निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. एक मासा मिळाला. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा, तजेलदार, आणि स्वभावाने काहीसा गाफील. परंतु तो मंजूर नियोजनाच्या बाहेर मिळाल्यामुळे मिळालेलाच नाही, असा ठराव एक विरुद्ध तीन मतांनी संमत झाला आहे (बाजूने एक). तेव्हा वाचकांनीही तो मासा डोक्यातून काढून टाकावा आणि काहीच घडलं नाही अशा प्रसन्न मनाने पुढे वाचावं.

माणूस आणि नदी यांच्यामध्ये नियोजन नसेल तर माणूस थेट नदीवर पोहोचतो. हा धोका फार थोड्यांच्या लक्षात येतो. ज्या एकाच्या आला तो पेशाने लिफ्ट-तपासनीस होता. शहरातल्या चारशे बारा लिफ्ट सुरक्षित आहेत असं त्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं, आणि त्यांतल्या एकीतही तो कधी चढला नव्हता. जिन्याने जायचा. त्याला कोणी भित्रा म्हणत नसे. बायको म्हणायची, पण ती घरचीच.

घरात तिसरे बाबा. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेले. सुईत दोरा ते अजूनही पहिल्या झटक्यात ओवायचे, पण मशीनचं पायडल मारून मारून उजवा गुडघा पार झिजला होता. डॉक्टरांनी हिवाळा संपता संपता ऑपरेशनची तारीख दिली होती आणि वर सांगितलं होतं, "त्यानंतर नदीचा उतार विसरायचा, आजोबा. सपाटीवर काय हवं ते करा."

बाबांना सपाटीवर काही नको होतं. त्यांना एकदा, फक्त एकदा, मुलाबरोबर नदीवर जाऊन गळ टाकून बसायचं होतं. दोघं शेवटचे गेले होते तेव्हा मुलगा नववीत होता आणि नियोजन हा प्रकार घरात आलेला नव्हता. "यंदा नक्की," असं तपासनीसाने त्यांना चार हिवाळ्यांपूर्वी सांगितलं. तो शब्दाचा पक्का. चार वर्षांत त्याने शब्द जरासुद्धा बदलला नाही.

नदी घरापासून चालत वीस मिनिटांवर होती. एवढं जवळचं ठिकाण गाठायचं म्हणजे तयारी तशीच लागते. प्रश्न असा होता की शेवटचा उतार निसरडा, बाबांना तो झेपणार नाही. म्हणून त्यांना पाण्यातून न्यावं. पाण्यातून न्यायचं तर कयाक हवी. कयाक ही लांबट, निमुळती होडी. तिच्यात एकच माणूस मावतो आणि त्याला पाय सरळ पसरून बसावं लागतं. बाबांचा गुडघा सरळ होत नव्हता. म्हणून बाबांनी पायीच जावं, आणि ते उतारावरून घसरले तर झेलायला खाली पाण्यात कयाक असावी, असं ठरलं. यातून जलमार्ग उपसमिती आणि पायवाट उपसमिती अशा दोन उपसमित्या निघाल्या. पहिलीवर मेहुणा, दुसरीवर बाबा. दोन्हींचा अध्यक्ष तपासनीस.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, केस कापायचं दुकान चालवायचा. कयाक त्याचीच. चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या घरी न्यायची तर ती लिफ्टमध्ये मावेना (लिफ्ट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र होतं). म्हणून ती तात्पुरती तळमजल्यावर बहिणीच्या हॉलमध्ये आली आणि चार वर्षं तिथेच राहिली. तिच्यावर आता उशा होत्या. बायको तिच्यात धुतलेले कपडे घड्या घालून ठेवायची. पुढच्या टोकाला चादरी, मागच्या टोकाला मोजे. पाहुणे आले की त्यांना विचारावं लागे, "खुर्चीत बसता की होडीत?"

गेल्या चार हिवाळ्यांचा लेखाजोखा असा: बैठका एकोणसाठ, मसुदे तेरा, नदीवर प्रत्यक्ष फेऱ्या शून्य. शून्य अपघातांचा इतका निर्मळ विक्रम या भागात दुसऱ्या कुठल्याच मासेमारी मंडळाकडे नाही.

जोखीम-तक्ता तर पाठ करावा असा होता. नमुन्यादाखल:

थंड पाण्यात पडणे. शक्यता: मध्यम. उपाय: पडू नये.

बोटं बधिर होणे. शक्यता: जास्त. उपाय: हातमोजे.

हातमोज्यांमुळे दोऱ्याची गाठ बांधता न येणे. शक्यता: खात्रीची. उपाय: हातमोजे काढावेत (पाहा: बोटं बधिर होणे).

मासा न लागणे. शक्यता: जास्त, कारण थंडीत मासा खोल जातो आणि सुस्तावतो. उपाय: थर्मासमधला चहा.

मासा लागणे. शक्यता: नगण्य. उपाय: विचाराधीन.

तेराव्या मसुद्यात एक अट होती की जलमार्ग उपसमितीने कयाक उलटल्यावर पुन्हा तिच्यात कसं चढायचं याचं प्रात्यक्षिक आधी कोरड्यावर द्यावं. त्याप्रमाणे एका रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये गाद्या पसरल्या गेल्या. गाद्या म्हणजे नदी. मेहुणा तीन स्वेटर आणि वर तरंगायचं जाकीट घालून कयाकमध्ये उतरला. अध्यक्षांनी शिट्टी वाजवली. मेहुण्याने अंग टाकलं, कयाक पालथी झाली, आणि तो कंबरेपाशी घट्ट अडकला.

"भाऊजी," गादीत तोंड खुपसलेल्या अवस्थेत तो म्हणाला, "मी बुडालोय का?"

"अजून बावीस सेकंद आहेत," तपासनीस घड्याळ बघत म्हणाला. "बोलू नकोस, पाणी जाईल."

"दादाला सरळ तरी करा," बायको म्हणाली. धाकट्या भावाला ती लाडाने दादा म्हणायची. मग बाबांकडे वळून म्हणाली, "बाबा, यांचं चालू दे. आपण जरा पाय मोकळे करून येऊ."

साबणाचं पाणी, चपटा चमचा आणि अध्यक्षांचं मार्गदर्शन यांच्या मदतीने मेहुणा दीड वाजेपर्यंत अर्धा बाहेर आला होता. तेवढ्यात दार वाजलं. बायकोच्या पाठोपाठ बाबा आत आले. त्यांचे गाल थंडीने लाल झाले होते, आणि हातात पिशवी होती. पिशवीतून शेपूट बाहेर आलेलं.

"कुठे होतात तुम्ही?" तपासनीसाने विचारलं.

"नदीवर."

"कशाने गेलात?"

"चालत. आणखी कशाने जाणार?"

"आमिष काय लावलंत?"

"पाव," बायको म्हणाली. "सकाळचा उरलेला."

तपासनीसाने यादी उघडली. आमिषं एकवीस होती. पाव नव्हता. "आणि उतार?"

"सूनबाईने हात धरला," बाबा म्हणाले. "तू आला असतास तर तू धरला असतास."

हात धरणे हा उपाय तक्त्यात कुठेच नव्हता. तपासनीसाने तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा तपासला. त्याला ते लागलं होतं असं म्हणता आलं असतं, पण त्यासाठी रकाना नव्हता.

"भाऊजी," कयाकमधून मेहुणा म्हणाला, "मासा तर दिसतोय की."

"दिसतोय. मिळालेला नाही."

ठराव तिथेच झाला. विरोधातली तीन मतं नोंदवून घेण्यात आली आणि त्यांचे आभार मानण्यात आले. न मिळालेल्या माशाचे पाच तुकडे पडले. तपासनीसाने त्यांतले दोन खाल्ले, निषेध नोंदवून.

पण त्या दिवसापासून तो कामाला भिडला, हेही खरं. ऑपरेशनला तीन आठवडे उरले होते. चौदावा मसुदा त्याने रजा टाकून लिहिला. त्यात पाव आला (आकारमानासह). हात धरणे आलं: कोणता हात, कोणत्या बाजूने, किती घट्ट. मसुदा बांधून घेऊन त्याने बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचला. घरात चौदा मसुद्यांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हा 'ज्येष्ठ सदस्य, वजन एकसष्ट किलो' म्हणजे मी का?"

"हो."

"बरंय. यात आपण बोलतो कुठे?"

"म्हणजे?"

"अरे, अकरा ते दोन तिथे बसायचं. अकराला गळ टाकणे. सव्वाअकराला गळ तपासणे. साडेअकराला वारा मोजणे. गप्पा कधी मारायच्या?"

तपासनीसाने मसुदा परत घेतला. खरोखरच राहिलं होतं. दुरुस्ती त्याच दिवशी झाली: "११.४० ते ११.५०, संवाद (हवामान अनुकूल असल्यास)."

हिवाळ्यातला शेवटचा रविवार उजाडला. ऑपरेशन बुधवारी होतं. चहा भरला होता, पाव मोजून कापला होता. मेहुणा आदल्या दिवसापासून जेवला नव्हता, कंबर बारीक राहावी म्हणून. चादरी आणि मोजे काढून कयाक चार वर्षांत प्रथमच दाराकडे तोंड करून उभी होती. बाबा बूट घालून, नाड्या बांधून, स्टुलावर बसले होते. नऊपासून.

साडेदहाला तपासनीस अंगणात वारा मोजून आला. मसुद्यातली मर्यादा ताशी दहा किलोमीटर. वारा अकरा होता.

"आपण तर पायी जाणार," बाबा म्हणाले. "वाऱ्याचं काय त्यात?"

"तुम्ही घसरलात तर खाली कयाक हवी. कयाकला वारा चालत नाही."

"मी घसरणार नाही. तू धर मला."

"धरलं आणि मीच घसरलो तर?"

बायकोने थर्मासचं झाकण काढलं आणि चहा चार कपांत ओतला. ते बघून मेहुण्याने जाकीट उतरवलं आणि पावाचं आमिष खायला घेतलं.

बाबा बूट काढायला वाकले. गुडघा वळेना. मग तपासनीस त्यांच्यासमोर खाली बसला आणि नाड्या सोडू लागला. शिंप्याने बांधलेली गाठ, सहज सुटेना.

"तुला नाड्या बांधायला मीच शिकवलं," बाबा म्हणाले. "पाच वर्षांचा होतास. बांधायच्या आधी तू विचारलंस, सुटल्या तर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, सुटल्या तर परत बांधू. काय म्हणणार दुसरं?"

तपासनीसाची बोटं थांबली. डावा बूट निघाला होता, उजवा पायात होता. हातमोजे नसताना, घरात बसून त्याची बोटं बधिर का व्हावीत, याचा खुलासा तक्त्यात नाही. त्याने दाराकडे पाहिलं. मग वारा मोजायच्या यंत्राकडे पाहिलं. मग उजवा बूट काढला.

हा सगळा प्रकार १०.५५ ते १०.५९ या वेळात झाला. मंजूर मसुद्यानुसार संवादाची वेळ ११.४० असल्याने तो झालेला नाही.

सोमवारी तपासनीसाने ऑफिसात बसून एक अर्ज लिहिला. मुदतवाढ मागणारे अर्ज त्याच्या टेबलावर रोज येतात आणि रोज नाकारले जातात, त्यामुळे भाषा त्याला चांगली ठाऊक होती.

"प्रति, मा. प्रमुख, ऋतुबदल विभाग (असा विभाग असल्यास).

विषय: चालू हिवाळ्यास मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमची मासेमारीची सहल नियोजनाच्या अंतिम टप्प्यात असून केवळ ताशी एक किलोमीटर वारा कमी होणे बाकी आहे. करिता चालू हिवाळा आणखी तीन रविवार वाढवून मिळावा आणि दरम्यानच्या काळात ज्येष्ठ सदस्याचा उजवा गुडघा जैसे थे ठेवण्यात यावा.

सोबत सहअर्जदारांची यादी जोडली आहे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला 'हातातलं एवढं आवरलं की जाऊच' असे सांगून जे सध्या निवांत काहीतरी वाचत बसले आहेत, त्यांची नावे या यादीत परस्पर घालण्यात आली आहेत. त्यांची वेगळी संमती घेण्याची आवश्यकता भासली नाही.

तरी वरील सर्व अर्जदारांचे आईवडील आहेत त्या वयावर, आहेत त्या स्टुलावर, बूट घातलेल्या स्थितीत, पुढील आदेश होईपर्यंत थांबवून ठेवण्यात यावेत, ही नम्र विनंती."