चौथी चिठ्ठी

सोमवारच्या सभेला जेमतेम दोन दिवस उरले असताना मीटिंगबाईंनी प्रश्नपेटी उघडली, तर आत एक बसचं तिकीट आणि चॉकलेटचा कागद, एवढाच ऐवज निघाला.

कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीत दोनशे माणसांच्या रजा आणि रुसवेफुगवे सांभाळणं, हे बाईंचं काम. दर महिन्याला सगळ्यांची मिळून सभा भरवायची टूम त्यांनीच काढली, म्हणून हे नाव चिकटलं. गेल्या दोन सभांत मालक तासभर बोलले आणि माणसं तासभर घड्याळाकडे बघत बसली. मालकांनी मग स्वच्छच सांगितलं, "या वेळी कोणी तोंड उघडलं नाही, तर सभा बंद. मग तुमचंही काय करायचं ते बघू." म्हणून ही निनावी प्रश्नांची पेटी.

"एकही चिठ्ठी नाही?" त्यांनी सगळ्यांत जुन्या फिटरला विचारलं.

"बाई, पेटीला कुलूप कुठलं लावलंय?"

"आपलंच. सगळ्यांत भारीतलं."

"तेच म्हणतो. ते कसं उघडायचं, हे इथल्या दोनशे जणांना ठाऊक आहे. कोण टाकेल चिठ्ठी?"

रविवारी दुपारी बाईंनी घरच्यांना कामाला जुंपलं. एक चिठ्ठी नवऱ्यानं लिहिली, एक मुलीनं, एक बाईंनी डाव्या हातानं. प्यायचं पाणी गार का नसतं, सायकली कुठे लावायच्या, नवं मॉडेल कधी येणार. ही लबाडी त्यांना मनातून टोचत होती, पण नोकरी गेलेली जास्त टोचली असती.

"मलाही एक कागद दे," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "माझं अक्षर तिथे कोण ओळखतंय?"

"लिहा, आई. पण साधंसं काहीतरी."

"साधंच लिहिते."

तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, बाई धावल्या, आणि ती चिठ्ठी न वाचताच पर्समध्ये गेली.

सोमवारी मालकांनी पाण्याचं उत्तर दिलं, सायकलींचं दिलं, नव्या मॉडेलवर पंधरा मिनिटं बोलले. माणसं घड्याळाकडे बघत होती. मग त्यांनी चौथी चिठ्ठी उघडून वाचली.

"सुट्टी सहाला होते, तर माणूस नऊला घरी का येतं? आम्ही जेवायचे थांबलेलो असतो. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून कळवते."

ही चिठ्ठी सासूबाईंची, हे बाईंनी ऐकताक्षणी ओळखलं. 'तुम्ही जेवून घ्या' असं रोज फोनवर सांगून त्या मोकळ्या होत होत्या. आई 'बरं' म्हणायच्या. त्या जेवत नसतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाईंना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

पॅकिंगमधला एक आडदांड माणूस उठून उभा राहिला. "साहेब, माफ करा. ही आमच्या हिनं पाठवलेली दिसते."

"तुमच्या हिची नाही, माझ्या आईची आहे," मागून फिटर म्हणाला.

"थांबा, आमची धाकटी असंच बोलते," हिशेबनीस म्हणाले.

"पण तुम्ही थांबता कशाला?" मालकांनी विचारलं.

"तुमची गाडी गेटाबाहेर पडल्याशिवाय कोण उठणार, साहेब?" फिटर म्हणाला.

मालकांनी चिठ्ठीची घडी घातली. "आणि तुम्ही सगळे कामात असता, म्हणून मला निघायला संकोच वाटतो."

त्यानंतर तासभर दोनशे माणसं बोलत होती, आणि घड्याळ भिंतीवर एकटंच चालत होतं.

सभा आटोपल्यावर मालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या हातातच होती. होईल ते होईल, खरं सांगून टाकायचं, असं बाईंनी ठरवलं.

"सर, ती चिठ्ठी..."

"माहीत आहे." मालकांनी आवाज खाली आणला. "आमच्या घरून आली ना? तरीच गेला आठवडाभर ती माझ्याशी धड बोलत नाहीये."



"सर, पेटी निनावी आहे," त्या म्हणाल्या.

सहाच्या ठोक्याला मालकांची गाडी गेटाबाहेर पडली. बाई साडेसहाला घरी पोचल्या. सासूबाईंनी दार उघडलं, घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काढलं वाटतं गं कामावरून?"

"नाही, आई. तुमच्याबरोबर जेवायला आले."

"साडेसहाला कोण जेवतं?" असं म्हणत सासूबाई आत गेल्या आणि ताटं काढायला लागल्या.