मंडळाचे कलम सातवे

राजधानी मराठी मोटारसायकल मंडळाच्या नियमावलीत एकोणतीस कलमे होती आणि मंडळाजवळ मोटारसायकली अकरा होत्या. रायपूर राजधानी होऊन त्या वेळी चार वर्षे झाली होती. तेवढ्या अवधीत पानठेल्यांनीसुद्धा पाट्या बदलून आपले कार्यक्षेत्र 'प्रदेश' असे करून घेतले होते. मग मंडळाने अकरा गाड्यांवर नियमावलीवाचून का फिरावे? मंडळाचे अध्यक्ष अच्युतराव मोघे पूर्वी सिंचन खात्यात कारकून होते, आता मंत्रालयात कक्ष अधिकारी झाले होते, आणि आधी मसुदा केल्याशिवाय जगात काही घडू शकते यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

विजय दिनी, म्हणजे सोळा डिसेंबरला, एका माजी सैनिकाला सन्मानाने मोटारसायकलवर बसवून शहरातून मिरवावे, असे मंडळाने ठरवले. समता कॉलोनीतले सुभेदार नरहरी बक्षी हे या सन्मानासाठी जणू घडवूनच ठेवले होते. एकाहत्तरच्या लढाईत ते मोटारसायकलवरून लष्करी डाक पोचवीत. त्यांच्या दारात एक जुनी मोटारसायकल अजूनही रोज पुसली जाई. मात्र तिची किल्ली सून कौमुदी हिच्या डब्यांमागे, म्हणजे ज्या ठिकाणी शत्रूचेही काही चालले नसते अशा ठिकाणी, ठेवलेली असे.

"बाबांचे गुडघे तुम्हाले माहीत आहेत ना, काका?" तिने अच्युतरावांना बजावले होते. "त्यांना मागं बसवा. समोर नाही!"

"सत्कारमूर्तीने वाहन चालवणे शिष्टाचारातच बसत नाही, सूनबाई," अच्युतरावांनी शब्द दिला.

सुभेदारांची अट एकच होती. त्यांचा लष्करातला जोडीदार भैय्यालाल त्या दिवशी बायकोसह बैतूलहून बिलासपूरला मुलीकडे चालला होता. त्याची गाडी रायपूर स्टेशनात दहा चाळीसला येणार आणि दहा मिनिटे थांबणार होती. लढाईत भैय्यालालचा पाय मोडला, तेव्हा सुभेदारांनी त्याला पाठीशी बांधून मोटारसायकलवरून अकरा मैल आणले होते. त्यानंतर तेहतीस वर्षांत दोघांची भेट नव्हती.

"मिरवा किती मिरवायचं तर," सुभेदार म्हणाले, "पण मले दहा चाळीसले फलाटावर उभं करा. दहा मिनिटं भेटतो बिचारा."

"आपण साडेआठला निघतो आहोत. स्टेशन इथून अडीच किलोमीटर आहे," अच्युतराव सौम्यपणे हसले. "फौजेतील एखादे तत्त्व तेवढे सांगा. नियमावलीत घालतो."

"तत्त्व-फत्त्व काही नाही बाप्पा. आम्ही कोणाले मागे सोडत नव्हतो, बस."

या एका वाक्याचे अच्युतरावांनी कलम सातवे केले. एक वाहन थांबल्यास सर्वांनी थांबावे. थांबल्यावर सर्वांनी इंजिने बंद करावीत. आणि प्रत्येकाने सज्जतेचा हात वर केल्याखेरीज कोणीही निघू नये. लष्कराच्या एका वाक्याला मंत्रालयाचे हात लागले की त्याचे असे भरीव काहीतरी होते.

साडेआठला अकरा गाड्या निघाल्या. सर्वांत पुढे अच्युतरावांची बुलेट, तिच्यावर मागे सुभेदार, गळ्यात झेंडूचा हार, आणि बुलेटच्या पुढच्या अंगापासून दोन्ही बाजूंनी मागेपर्यंत बांधलेले आठ हात लांब कापड : 'वीर सैनिकांचा जाहीर सत्कार'. इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात; त्यांतल्या आमापाऱ्याशी खजिनदार शेखर यांच्या गाडीची चेन उतरली. कलम सातव्याप्रमाणे सर्व थांबले आणि सर्वांनी इंजिने बंद केली. चेन चार मिनिटांत बसली. हात वर झाले, पण दहाच.

"मेरी स्टार्ट नहीं हो रही, काका," मंडळातला सर्वांत तरुण सभासद सुशील म्हणाला. गाडी त्याला वडिलांकडून मिळाली होती आणि मराठीही. दोन्ही तो नाइलाज झाल्यावरच चालवी. "गरम होने के बाद बंद करो तो बीस मिनट नाटक करती है. इसलिए मैं बंद ही नहीं करता."

"मग केलीस काहून?" शेखर ओरडले.

"कलम सात!"

वीस मिनिटांचे नाटक ढकलाढकलीसह बावीस मिनिटे चालले. पुढच्या चौकात ढकलणाऱ्यांपैकी एकाचा मफलर गळून पडल्याचे लक्षात आले. तो मफलरसाठी थांबला, म्हणून सर्व थांबले, सर्वांनी इंजिने बंद केली, आणि सुशीलच्या गाडीने दुसरा अंक सुरू केला.

तिसरा अंक तात्यापाऱ्यात झाला, आणि दुर्दैवाने अच्युतरावांच्या मावशीच्या, प्रेमलाबाईंच्या, नेमक्या दारासमोर.

"अगंबाई, फौजी माणूस माह्या दारात उभा आणि तोंड कोरडं?" प्रेमलाबाई पायरीवर आल्या. "पोहे टाकूनच राहिली मी. उतरा सारे!"

"मावशी, वेळापत्रक..."

"तुझं वेळापत्रक ठेव खिशात. लहानपणी तुले भरवलं तेव्हा होतं का वेळापत्रक?"

सुभेदार पहिल्या घासाबरोबर घड्याळाकडे पाहू लागले. नऊ पन्नास. पोहे संपत आले तोच समोरचे दार उघडले आणि भीमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. या दोघींमध्ये एका पापडाच्या वाळवणावरून बारा वर्षे अबोला होता.

"तिच्या इथचं खाल्लं, माह्या इथचं काहून नाही?" भीमाबाई गाडीस्वारांना म्हणाल्या. "माही भजी कढईत आहेत. आता जाल तर साऱ्या पाऱ्याले सांगीन का फौजीचा सत्कार एकतर्फी झाला म्हणून!"

एकतर्फी हा शब्द कक्ष अधिकाऱ्याच्या काळजाला लागला. मंडळाने रस्ता ओलांडून भजी खाल्ली. सुभेदारांनी एकच उचलले आणि ते हातातच राहिले. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटे झाली होती.

"अच्युतराव, निघू ना."

"निघालोच. हात वर करा!"

दहा हात वर गेले. गाडी केव्हाच गार झाली होती, तरी सुशील घामाघूम होऊन किका मारीत होता.

सुभेदारांनी भजे ताटलीत ठेवले, हात रुमालाला पुसले आणि ते सुशीलजवळ गेले. "सरक," एवढेच म्हणाले. प्लगची टोपी काढून त्यांनी फुंकली, बसवली, एक कीक मारली. गाडी जागेवर गुरगुरली. दुसऱ्या क्षणी ते तिच्यावर बसले होते, आणि तिसऱ्या क्षणी तात्यापाऱ्याला त्यांची पाठ आणि वाऱ्यावर उडणारा झेंडू एवढेच दिसले.

"गुडघे!" अच्युतराव किंचाळले.

"गुडघे ठीक दिसून राहिले मले तरी," भीमाबाई म्हणाल्या.

मंडळ लगोलग निघाले असते. परंतु असा प्रसंग नियमावलीत नव्हता. सुशीलपाशी गाडी उरली नव्हती. त्याला सोडून जावे तर तो मागे राहतो. सुभेदारांसाठी थांबावे, तर ते मागे राहिले नव्हते, पुढे गेले होते. आणि पुढे जाणाऱ्याविषयी एकोणतीस कलमांत अक्षर नव्हते. या मुद्द्यावर अकरा मिनिटे चर्चा झाली. शेवटी प्रेमलाबाईंनी सुशीलला दंडाला धरून अच्युतरावांच्या मागे बसवले आणि भीमाबाईंनी बुलेटला मागून धक्का दिला. बारा वर्षांतली ही त्यांची पहिली संयुक्त कारवाई होती.

मंडळ फलाटावर धावत पोचले तेव्हा अकराला पाच कमी होते. रूळ मोकळे होते. फलाटाच्या टोकाला एका बाकावर सुभेदार बसले होते, आणि त्यांच्या शेजारी स्लिपर घातलेला, काठी टेकलेला एक म्हातारा पोट धरून हसत होता. झेंडूचा हार आता त्याच्या गळ्यात होता.

"हे भैय्यालाल," सुभेदार म्हणाले. त्यांचा चेहरा अपराधी होता. "चहा प्यायले उतरले. बोलत बसलो. गाडी निघून गेली."

"और घरवाली?" सुशीलने विचारले.

"गाड़ी में," भैय्यालाल म्हणाले. "बिस्तर भी. दाँत भी." आणि दात नसलेल्या तोंडाने ते पुन्हा हसले. "तैंतीस साल पहले इसने मुझे नहीं छोड़ा, आज रेलगाड़ी छोड़ गई!"

सुभेदार उठले. "अच्युतराव, काढा तुमचं कलम सात. बिलासपूर एकशे दहा किलोमीटर आहे. वहिनी तिथं उतरून वाट पाहीन."

वाद घालायला या वेळी एकही मुद्दा नव्हता. पुढे सुशीलच्या गाडीवर सुभेदार, मागे भैय्यालाल, आणि त्यांच्यामागे दहा गाड्यांचे मंडळ. कौमुदीला फोन करण्याचे काम सर्वांनी एकमताने शेखर यांच्यावर टाकले आणि शेखर यांनी एकमताने विसरून टाकले.

सिमग्याच्या अलीकडे बुलेट दोनदा खोकली आणि बंद पडली. पेट्रोल संपले होते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली टाकी तपासावी, असे कलम तिसरे होते. ते अच्युतरावांनी स्वहस्ते लिहिले होते, आणि लिहून झाल्यावर पाळल्यासारखेच वाटल्यामुळे टाकी उघडली नव्हती. लगेच सर्व थांबू लागले.

"थांबू नका!" सुभेदार गाडी वळवून, हात हलवीत आले. "चालत राहा पोट्टेहो! वहिनी एकटी आहे रेल्वेत!"

"पण कलम सातवे..." अच्युतरावांच्या तोंडून निघाले.

"मागे सोडायचं नाही म्हणलं होतं मी. साऱ्यांनी मिळून थांबा, असं कुठं म्हणलं होतं?"

पेट्रोलपंप चार किलोमीटर पुढे होता आणि दोर कोणाजवळ नव्हता. सुभेदारांनी बुलेटवरचे कापड सोडले, पिळून त्याचा दोर केला, आणि एक टोक आपल्या गाडीला, दुसरे बुलेटला बांधले. पिळलेल्या कापडावर 'जाहीर सत्कार' एवढीच अक्षरे दिसत होती आणि ती अच्युतरावांच्या बाजूला आली होती. सुभेदार सावकाश निघाले. भैय्यालालने मागे वळून झेंडूचा हार काढला आणि नेम धरून अच्युतरावांकडे फेकला. तो आरशाला अडकला.

शेतांतले लोक उभे राहून पाहत होते. एका म्हाताऱ्याने तर अच्युतरावांना हातही जोडले. कलम सातव्यात तातडीने दुरुस्ती लिहून घ्यावी, असे अच्युतरावांना फार वाटले. वही खिशात होती, पेनही होते. पण दोन्ही हात हँडलवर होते, आणि थांबण्याची सोय आता राहिली नव्हती.