बस्त्यावमामांची झडती

आमच्या कॉलेजच्या दफ्तरखोलीत शिरायचं तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागत. दाराशी स्टुलावर बसलेले शिपाई बस्त्यावमामा काडेपेटी शोधत. प्राचार्यांचीही झडती झाली होती, विद्यापीठाच्या पाहुण्यांची तर पार कनवटीपर्यंत. "कागुद आन् वाळलं गवात, दोनीला एकच काडी पुरं," हे त्यांचं पालुपद. जप्त झालेली काडेपेटी परत मिळत नसे. बिड्या ओढणारा मास्तर मी एकटाच, त्यामुळे सगळ्यात जास्त नुकसान माझं झालं.

खोलीत होतं तरी काय? कॉलेजची जुनी हजेरीपुस्तकं आणि सुप्याकडच्या एका इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, सहा वह्या. बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळं त्यात. काळी नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, माणसं इकडे आमच्या रामनगरला आली. इगर्जीत घंटा वाजवणारे मामा या वह्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन आले, कॉलेजात शिपाई झाले आणि ट्रंक या खोलीत ठेवली. थडगी काही डोक्यावर घेता आली नाहीत.

आमच्या जोयडा तालुक्याच्या पावसात भिंतींनाही बुरशी येते. मामा वह्यांना सुपाने वारा घालत. कागद खाणारी कसर दिसली की तिला शिव्या देत आणि मग वहीसमोर तोंड विटाळलं म्हणून क्रूस करत. वाचता येत नसे, पण डागांच्या आणि भोकांच्या खुणेवरून हवं ते पान काढून देत. मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करायचो. आता सांगायला लाज वाटते.

एके वर्षी विद्यापीठाने वह्या शहरातल्या मोठ्या दफ्तरात न्यायचं ठरवलं. जीप येण्याच्या आदल्या दुपारी मी यादी करायला गेलो. स्टूल रिकामं. पहिल्यांदाच माझी झडती झाली नाही.

आत खिडक्या बंद होत्या, मरणाची वही उघडी होती आणि तिच्याशेजारी बशीत मेणबत्ती जळत होती. मी ओरडणारच होतो.

"आज मेलेल्यांचा दिस हाय, सर," मामा बसूनच म्हणाले. "लोकं थडग्यावर मेणवात लावत्यात. माजी रोझा पान्याखाली हाय. नऊ दिसांची व्हती. मी दरसाल हितंच लावतो. काडी तुमच्याच पेटीतली हाय, माफी करा." मग कसरीने पाडलेल्या भोकाशेजारी बोट ठेवून म्हणाले, "उद्या ह्ये बी जातंय. तिचं नाव एकदा वाचून दावा की. आजवर कुणाला इचारलं न्हाई."

मी वाकून पाहिलं. तिथे कुणा सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याचं नाव होतं. कसरीचं भोक पुढच्या पानातही होतं, त्याच्या पुढच्याही. म्हणजे इतकी वर्षं मामा परक्याच म्हाताऱ्याला उजेड दाखवत होते.

तीन पानं पुढे रोझा सापडली.

"वाऱ्यानं पानं उलटली वाटतं, मामा," मी म्हणालो आणि त्यांचं बोट उचलून तिच्या नावावर ठेवलं. नाव मोठ्याने वाचलं.

मामांनी बंद खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बशी उचलली आणि हळूच त्या पानाजवळ सरकवली.