कळ काढणारे डॉक्टर

सुळ्ळुक्!

एका जंगलात, बाळांनो, पूर्वी असा आवाज यायचा. पायातला काटा निघाल्याचा. गोदा हत्तीण पिल्लू होती तेव्हा तिनं तो ऐकला होता. एका बगळ्यानं चोच घातली, सुळ्ळुक् झालं, आणि गोदाची आई हसत हसत नदीत उतरली होती.

पुढं त्या जंगलात सुधारणा झाली. वाघमहाराजांची दाढ ठणकली. महाराज गरजले, "आजपासून साऱ्या प्रजेची कळ काढा!"

प्राचार्य घुबडराव फांदीवर डुलकी घेत होते. त्यांच्या कानात शेवटचे दोनच शब्द शिरले. कळ काढा. म्हणजे धीर धरा, सोसा.

झालं! त्यांनी वेदनानिवारणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. जंगलातले सगळे डॉक्टर धावले. पहिल्या वर्षी 'जरा कळ काढा' हे गोड आवाजात म्हणायचं. दुसऱ्या वर्षी तेच मान तिरकी करून म्हणायचं. म्हणताना जांभई आली की नापास.

डॉक्टर बगळे पहिले आले.

आता गोदा टेकडीएवढी झाली होती. एके दिवशी तिच्या पायात, नखाच्या बुडाशी, बाभळीचा काटा मोडला. नेमका त्याच दिवशी कळप लांबच्या तळ्याकडं निघाला होता. लंगड्यासाठी कळप थांबत नसतो. आणि गोदाचं दूधपितं पिल्लू कळपात होतं.

ती लंगडत दवाखान्यात आली.

"डॉक्टरदादा, तेवढा काटा काढा हो. कळप निघालाय."

"काटा?" बगळे दचकले. "अहो गोदाक्का, काटा काढणं हे पदवीच्या आधीचं काम. मी आता फक्त कळ बघतो. बोला, कळ येते, लागते, की मारते?"

"ठुसठुसतंय."

सिस्टर साळुंकी कुजबुजली, "सर, ठुसठुस अभ्यासक्रमात नाही."

"मग ती पेशंटनं घरी करावी," बगळे म्हणाले.

ते गोदाच्या पायाशी उभे राहिले. मान तिरकी केली. "जराऽ कळ काढा."

बघून शिकायला फांदीवर बसलेले विद्यार्थी चेकाळले. "वा सर! काय मान! काय तो 'जरा'!"

गोदा पाय उचलून उभी राहिली. दुरून पिल्लाचा आवाज आला. पींऽ!

"निघाले हो ते!"

"अजून थोडी काढा."

पींऽऽ! आवाज आणखी लांबून आला. तिचा उचललेला पाय खाली आला. खाली डॉक्टरांचं बोट होतं. चिखल मऊ होता, म्हणून बोट राहिलं.

"अगं आईगं! काढा! काढा!"

वरच्या फांदीवर डुलकी घेणारे घुबडराव जागे झाले. "अर्धवट बोलू नका. पूर्ण वाक्य म्हणा. कळ काढा."

"कळ नाही हो सर! पाय! पाय काढा!"

"सर, मान तिरकी करा," साळुंकी म्हणाली. "बरं वाटतं म्हणतात."

सगळे विद्यार्थी एका सुरात गायले, "जराऽ कळ काढाऽ!"

डॉक्टर बगळे सगळी पदवी विसरले. समोर गोदाचं नख दिसलं, तिथंच त्यांनी जीव खाऊन चोच खुपसली.

सुळ्ळुक्!

बगळ्यांच्या चोचीत लांबलचक काटा होता.

घुबडरावांनी डोळे बारीक केले. "हे कोणत्या वर्षाला आहे?"

पींऽऽऽ! आता आवाज अगदी बारीक आला.

गोदानं आधी डॉक्टरांच्या बोटावरून पाय काढला. मग दवाखान्यातून पाय काढला. चारही पाय सारखे टाकत, ती पिल्लाच्या दिशेनं चालती झाली.

तात्पर्य: कळ काढली की फळ मिळतं, हे खरंच आहे, बाळांनो. पण कळ कोणी काढायची, ते वजनावर ठरतं. म्हणून दवाखान्यात जाताना दुखणं थोडं कमी न्यावं, वजन मात्र भरपूर न्यावं.